खुर्ची उठेपर्यंत

रविवारच्या जेवणाला अजून अवकाश होता, पण थोरलीची तालीम सुरू झाली होती.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं अंड्याचा मऊ लगदा चमच्याच्या टोकावर घेतला, तोंडात ठेवला आणि चावायला लागली. चावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण चमचेवालीची सक्त ताकीद होती, तोंडातल्या तोंडात पाणी झाल्याशिवाय घास सोडायचा नाही. चमचेवाली म्हणजे हॉस्पिटलातली आहाराची बाई. पोटाच्या ऑपरेशननंतर पहिल्याच भेटीत तिनं खणातून बाळाला भरवायचा चमचा काढून थोरलीच्या हातावर ठेवला होता. "आता तुमचं पोट एका केळ्याएवढं. हा चमचा त्याच्या मापाचा." आयुष्यभर पिठाच्या गोण्या ओढलेल्या हातात तो चमचा दिसेचना. थोरलीला इतकं हसू आलं की टाके दुखले.

आता हसू येत नव्हतं. घास कसा बसेल याचा नेम नव्हता. काल जे मऊसूत उतरलं ते आज छातीच्या मधोमध ठाण मांडून बसायचं. पाणी पिऊन ढकलावं, तर जेवताना पाणी बंद. नाक गळायला लागलं की समजायचं, पोट भरलं. इतरांना पोट भरल्याचं पोटच सांगतं, तिला नाक सांगायचं.

"आई, बसणार तू आज त्या खुर्चीत?" लेक दारात उभी होती. तोंडात दोन टाचण्या, हातात थोरलीचाच झगा. लेक शिवणकाम करायची, आणि सध्या तिच्याकडे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे तिची आई. एकच झगा दर आठवड्याला आत घ्यावा लागत होता.

"मग कुठे बसू? स्टुलावर?"

"चेष्टा नको. काकू म्हणाली, काका आज नवा पाव आणतोय. तुझ्यापुढे ठेवणार."

"ठेवू दे. बेकरीवाला पाव नाही ठेवणार तर काय, चपला ठेवणार?"

"तुला पाव चालत नाही अजून!" लेकीनं टाचण्या तोंडातून काढल्या. "चमचेवालीनं मोठी फुली मारलीय. आत जाऊन गोळा होतो त्याचा. गेल्या रविवारी एवढ्याशा माशानं काय केलं ते विसरलीस? परत बेसिनकडे पळशील."

"बेसिन काही पळून जात नाही. आहे तिथंच आहे."

"देऊन टाक ना ती खुर्ची काकाला. थोडे दिवस."

थोरलीनं चमचा धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला. "खुर्ची थोड्या दिवसांसाठी कुणी घेत नसतं, बाळा. ती घेतली की घेतली. मला विचार. मी तशीच घेतलीय."

ते खरंच होतं. नियम सासऱ्यांच्या वेळचा. आठवडाभर बेकरीवाल्यांची जेवणं उभ्याउभ्या, पाळीपाळीनं, एक डोळा भट्टीवर ठेवून व्हायची. रविवारी दुपारी मात्र भट्टी गार, दुकान बंद, आणि सगळं घर एका टेबलाशी. टेबलाच्या डोक्याशी हातांची एकच खुर्ची. त्या खुर्चीनं पहिला घास घ्यायचा, आणि ती खुर्ची उठली की सगळ्यांनी उठायचं. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. सासरे असे जेवायचे की जणू मागे आग लागलीय. त्यांच्या धंद्यात ती लागलेली असायचीच म्हणा. त्यांच्यामागे खुर्ची थोरल्या मुलाकडे आली, आणि तो गेल्यावर एका रविवारी थोरली सरळ जाऊन तिच्यात बसली. कुणी बस म्हणालं नव्हतं. पण ऊठ म्हणायलाही कुणाची जीभ रेटली नाही.

खुर्चीबरोबर आणखी एक गोष्ट यायची. दुकानात नवा पाव ठेवायचा, तर आधी खुर्चीनं चाखायचा. खुर्ची म्हणाली "जाऊ दे," तरच तो काउंटरवर जायचा. बेकरी कुणाच्या नावावर आहे हे कागद सांगत असतील. ती कुणाची आहे ते हे दोन शब्द सांगायचे.

आणि गेल्या रविवारी खुर्ची मध्येच उठली होती. सगळ्यांची ताटं रिकामी, सगळ्यांची नजर तिच्या वाटीवर. दीर हातातला रुमाल घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता. यांना कशाला ताटकळत ठेवायचं म्हणून थोरलीनं माशाचा एक तुकडा न चावता लोटला. तो छातीत दगडासारखा बसला, तोंडाला फेसाळ लाळ सुटली, आणि ती तोंड दाबून धावली. परत आली तेव्हा टेबल पुसून लख्ख. नियम तो नियम. तिची वाटीसुद्धा धुऊन पालथी घातली होती. कुणी काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

"झगा दे इकडे," थोरली म्हणाली. "आणि कमरेत जरा ढिला ठेव. आज बसायला वेळ लागणार आहे."

*

खाली बेकरीत दीर नव्या पावाकडे बघत उभा होता.

पाव देखणा होता, यात वाद नव्हता. फुगलेला, सोनेरी, बोटानं दाबला की गालासारखा परत वर येणारा. पाकिटातलं तयार मिश्रण, पाणी घाला, मशीन फिरवा, फुगला की भट्टीत. जुन्या पावाचे नखरे नकोत. जुन्या पावाला वडिलांच्या वेळचं, रोज पीठ घालून जिवंत ठेवलेलं आंबवण लागायचं, आणि आंबवण म्हणजे घरातलं तान्हं मूल. त्याला ऊब लागते, त्याला गारठा लागतो, रात्री उठून त्याच्याकडे बघावं लागतं. वहिनी हॉस्पिटलात गेल्यापासून पीठही त्याच्याकडे आणि भट्टीही. परवा तो ट्रे हातात धरून उभ्याउभ्या डुलकी घेत होता. बायकोनं ट्रे काढून घेतला तेव्हा जाग आली.

पण त्याला खरी झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच कारणानं. गेल्या रविवारी वहिनी उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला होता, आणि हात छातीवर. तीन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीतून दादा तसाच उठला होता. छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "काही नाही रे, पित्त असेल." दारापर्यंतसुद्धा पोचला नाही.

दीरानं मनातल्या मनात वाक्य जुळवलं. 'वहिनी, तुम्ही आता विश्रांती घ्या. चाखायचं मी बघतो.' सरळ होतं. प्रेमाचं होतं. मग तोंडात आल्यावर ते चोरासारखं का वाटत होतं, हे काही त्याला उमगेना.

*

दीराच्या बायकोनं, धाकटीनं, वाढलं आणि ती नवऱ्याच्या शेजारी बसली. सूप, उकडलेले बटाटे, मासा, दही. थोरलीपुढे दोन लहान वाट्या, एकीत अंडं, एकीत दही.

थोरलीनं पहिला चमचा घेतला, आणि घर जेवायला लागलं. म्हणजे तुटून पडलं. बेकरीवाल्यांना सावकाश जेवता येत नाही, कुणी ताट ओढून नेईल अशा घाईनं जेवतात. दीरानं सूप वाटी तोंडाला लावूनच संपवलं. लेकही घाईघाईत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई मान खाली घालून बटाटा कुस्करत होत्या. त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे कुणाचं लक्ष नव्हतं.

धाकटी मात्र जाऊबाईंच्या गळ्याकडे बघत होती. गेल्या रविवारी बेसिनपाशी त्यांची पाठ तिनं चोळली होती. उलटी झाल्यावर थोरली तोंड पुसत म्हणाली होती, "हे कुणाला सांगायचं नाही." धाकटीनं सांगितलं नव्हतं. रात्री नवरा म्हणाला होता, "वहिनींना आता झेपत नाही, खुर्ची मीच घेतली पाहिजे," तेव्हाही ती गप्पच राहिली होती. दोघांची गुपितं पोटात घेऊन बसलेल्या बाईला जेवण कसं जायचं? ऑपरेशन न होताच तिचा घास अडकत होता.

ताटं रिकामी झाली. थोरलीची अंड्याची वाटी अजून अर्धी होती. ती चावत होती. शांतपणे, खिडकीबाहेर बघत, जणू बस यायला अवकाश आहे.

रुमालाची घडी झाली. उलगडली. परत झाली.

"भावोजी," थोरली घास संपवून म्हणाली, "रुमाल फाटेल. काय आणलंय ते दाखवा."

दीर उठायला गेला, मग नियम आठवून अर्ध्यावरच थांबला. धाकटीनंच मागच्या फळीवरचा पाव हात लांबवून काढला आणि टेबलावर ठेवला. सगळ्यांनी बघितलं. लेकीच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं, इतका तो सुंदर होता.

"उद्यापासून हा ठेवावा म्हणतोय," दीर म्हणाला. "आणि वहिनी... म्हणजे मी असं म्हणत होतो... तुम्ही आता विश्रांती घ्या. चाखायचं वगैरे मी बघतो. तुम्हाला त्रास नको."

"कसला त्रास?"

"पाव चालत नाही ना तुम्हाला."

"कोण म्हणतं?"

"चमचेवाली म्हणते!" लेक मध्येच बोलली, आणि लगेच आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे लक्षात येऊन लाल झाली.

"चमचेवाली म्हणते गिळू नका," थोरली म्हणाली. "बरोबरच म्हणते. ती म्हणेल तसंच करणार आहे मी. कापा."

दीरानं पाव कापला. काप एकसारखे पडले. धंदा हातात होता त्याच्या.

"फडताळातला कालचा जुना पण काढ गं," थोरली धाकटीला म्हणाली. "आता सगळ्यांनी नव्याचा तुकडा तोंडात घ्यायचा. माझ्याबरोबर चावायचं. मी सांगेपर्यंत कुणी गिळायचं नाही. गिळेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची."

"वहिनी, हे काय पोरखेळ..."

"तोंडात घास असताना बोलू नये, भावोजी."

दीराच्या तोंडात घास नव्हता. त्यानं तो निमूट घेतला.

मग त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. सगळे एकाच वेळी गप्प होते आणि कुणी रागावलेलं नव्हतं. नुसतं चावणं. लेकीला काकाचा चेहरा बघून हसू यायला लागलं. दीरानं डोळे वटारले तेव्हा त्याचे गाल इतके रवंथ करणाऱ्या बैलासारखे हलत होते की धाकटीलाही आवरेना. तिनं तोंडावर पदर घेतला. आणि त्या हसण्यातच तिला ते जाणवलं. पाव पहिल्यांदा गोड लागला होता, लोण्यासारखा. मग बेचव. मग त्याचा चिकट गोळा झाला, टाळूला बसला, आणि त्यातून मागाहून एक कडवट चव आली, औषधाच्या गोळीचं आवरण विरघळल्यावर येते तशी. लेक बोटानं टाळू खरवडत होती.

थोरलीनं कागदी रुमाल तोंडाशी नेला, घास त्यात काढला, घडी घातली, बाजूला ठेवला. एवढं सहज, की त्यात वाईट दिसण्यासारखं काही उरलंच नाही.

"टाका," ती म्हणाली. "आता जुना."

जुना पाव दिसायला काळवंडलेला, कडेला चिवट. पहिल्यांदा आंबट लागला. पण जसजसं चावत गेलं तसतसा तो सुटत गेला, पातळ झाला, आणि शेवटी शेवटी अंगातली सगळी गोडी त्यानं सोडली. धाकटी या घरात सून म्हणून आल्यापासून हा पाव खात होती. तो इतका गोड आहे हे तिला आज कळलं. आजवर तो गोड व्हायच्या आतच गिळला होता सगळ्यांनी.

थोरलीनं दुसरा रुमाल घडी केला.

"गिऱ्हाईक एवढं चावत बसतं का?" दीर शेवटी म्हणाला. आवाजात हार होती, पण अजून पूर्ण नव्हती.

"नाही बसत. म्हणूनच आपण बसायचं," थोरली म्हणाली. "भावोजी, हा पाव दिसायला लाखात एक आहे. माझ्या सासऱ्यांनासुद्धा असा फुगवता आला नसता. पण ज्यांच्या घशाखाली घास सहज उतरत नाही अशी माणसं गावात थोडी नाहीत. म्हातारी आहेत, आजारी आहेत, दुपारी आपल्याकडचाच पाव नेतात. त्यांच्या छातीत हा गोळा होऊन बसेल. मला माहीत आहे ते कसं असतं. हा नाही जायचा."

"मग करायचं कुणी?" दीराचा हात टेबलावर आपटला. दह्याची वाटी हलली. "सांगा ना! आंबवणाशी जागायचं कुणी? पीठ मी, भट्टी मी, गाडीत माल मी. मला दोन हात आहेत, वहिनी. आणि तुम्ही... तुम्ही इथे बसता आणि मला दर रविवारी वाटतं..." तो थांबला. "दादा पण इथूनच उठला होता. छातीला हात लावून."

थोरलीनं चमचा खाली ठेवला.

अच्छा, असं आहे तर. ती आठवडाभर समजत होती की याला खुर्ची हवी आहे. याला खुर्चीची भीती वाटत होती.

"हे आधी बोलायचं होतंत," ती हळू आवाजात म्हणाली. "भावोजी, मी तुमचा दादा नाही. ते पित्त म्हणाले आणि निघून गेले. मी बेसिनपाशी गेले आणि परत आले. हे हृदयाचं नव्हतं, घाईचं होतं. तुम्ही सगळे माझ्या वाटीकडे बघत होतात म्हणून मी न चावता गिळलं. आता नाही गिळणार. बघा तुम्ही खुशाल, माझी वाटी संपायची तेव्हाच संपेल."

"पण जागायचं कुणी, हा प्रश्न राहिलाच," दीर पुटपुटला.

"मी," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं स्वतःसुद्धा पाहिलं असतं, जमलं असतं तर.

"तू? आणि काउंटर?"

"काउंटरवर हसून हसून गाल दुखतात माझे. पीठ तरी हस म्हणत नाही." आता सुरुवात झालीच होती. "अहो, तुम्ही डुलकी घेता तेव्हा आंबवणाकडे कोण बघतं असं वाटलं तुम्हाला? आपोआप निपजतं ते? दोन आठवडे झाले. कालचा हा जुना पाव माझ्या हातचा आहे."

दीरानं ताटातल्या उरलेल्या जुन्या कापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "बोलली नाहीस."

"तुम्ही झोपला होतात."

लेक फिस्सकन हसली. थोरलीलाही हसू आलं, आणि या वेळी टाके दुखले नाहीत. "काउंटर मी घेते," ती म्हणाली. "गोणी उचलायची मनाई आहे, बोलायची नाही. गिऱ्हाइकाशी बोलायला पोट लागत नाही."

*

"बोलून झालं असेल तुमचं," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "तर मला अजून थोडा मासा वाढा."

सासूबाई. त्यांनी या टेबलावर दुसऱ्यांदा वाढून मागितलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"आई, तू अजून जेवतेयस?" दीर म्हणाला.

"मग काय नाचतेय?" म्हातारीनं काटा काढून ताटाच्या कडेला नीट लावला. "तुझे वडील जेवायचे वाऱ्यासारखे. त्यांची खुर्ची उठली की माझं अर्धं ताट उठलं. मग थोरला, तोही तसाच. त्याच्यामागून ही, हिचीही घाई काही कमी नव्हती. आणि मला तर दात पडल्यापासून जास्तच वेळ लागतो. तुम्ही पांगलात की मी फडताळापाशी उभी राहून पावाच्या कडा भिजवून खायची. हिचं ऑपरेशन झालं आणि मी रविवारी पोटभर जेवायला लागले."

"सांगितलं का नाहीत?" थोरलीनं विचारलं.

"सांगायचं कुणाला? ऐकायला थांबत होतं कोण?" म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. नजरेत माया होती, पण सुनेला ती लगेच दाखवायची तिची पद्धत नव्हती. "गेल्या रविवारी तू उठलीस ना पळत, तेव्हा मात्र माझा मासा राहिला. मधला, चांगला तुकडा होता."

धाकटीनं मासा वाढला. मधला तुकडा.

दीरानं नवा पाव उचलला, एकदा सगळीकडून फिरवून बघितला, एखाद्या देखण्या पण नापास पोराकडे बघावं तसा, आणि फळीवर ठेवून दिला. "कबुतरांना घालतो," तो म्हणाला. "त्यांना चावायची पंचाईत नाही."

थोरलीनं दह्याची वाटी पुढे ओढली. एक चमचा. जिभेवर धरायचा, विरू द्यायचा, मग सोडायचा. तो उतरला. दुसरा उतरला. छातीत काही बसलं नाही, काही चढलं नाही. बोलणं आता नव्या पाळ्यांवर गेलं होतं. धाकटी आंबवणाला रात्री कुठे ठेवायचं ते नवऱ्याला शिकवत होती, आणि तो ते वडिलांचं आंबवण आहे असं सांगायचा प्रयत्न करत हरत होता. लेक उलट्या हातानं आईच्या झग्याची कमर चिमटीत धरून बघत होती, पुढच्या आठवड्यात किती आत घ्यावी लागेल याचा अंदाज घेत.

थोरलीचं नाक गळायला लागलं.

तिनं ते पुसलं. वाटी रिकामी होती. एवढंसं दही, पण ते तिचं जेवण होतं, आणि ते संपलं होतं. तिचे हात खुर्चीच्या हातांवर आले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला म्हातारी काटे काढत होती. घाई न करता. तुकड्याचा निम्मा भाग अजून ताटात होता.

दीरानं वहिनीची रिकामी वाटी पाहिली, सवयीनं रुमाल टेबलावर टाकला आणि खुर्ची मागे सरकवली.

थोरलीनं खुर्चीच्या हातांवरून हात काढले. तो इवलासा चमचा उचलला आणि रिकाम्या वाटीत सावकाश फिरवला, तळ खरवडत, जणू तिथे अजून पुष्कळ उरलंय.

दीरानं वाटीकडे पाहिलं. मग आईकडे. मग आवाज न करता खुर्ची परत पुढे ओढली, आणि जुन्या पावाचा एक तुकडा तोंडात टाकून चावत बसला.